'नीट बसू दे, मग रेकॉर्ड करू'

एखादा बँड नव्यानं आवडायला लागला की आपण सगळ्यात आधी काय करतो? फोन काढतो आणि त्याच्या नावापुढे 'डिस्कोग्राफी' टाइप करतो. अल्बमची यादी येते, सालासकट, कव्हरच्या चौकोनासकट. ती अंगठ्यानं सरकवता सरकवता आपण मनाशी निकालही लावून टाकतो. पहिला कच्चा, तिसरा बरा, पाचवा भारी, नवव्यानंतर उतार.

पिंक फ्लॉइडची यादी सरकवताना अंगठ्याला जरा काम पडतं. १९६७ पासून २०१४ पर्यंत पंधरा स्टुडिओ अल्बम. अॅटॉमिक फॉरेस्टच्या बाबतीत अंगठा हलवावाच लागत नाही. मुंबईचा, सत्तरच्या दशकातला हा बँड. आपल्याकडच्या सायकेडेलिक रॉकचा विषय निघाला की त्यांचं नाव हमखास येतं. त्या काळातला त्यांचा अल्बम एकच, 'ऑब्सेशन ७७'.

या दोन याद्या शेजारी ठेवून मी हे लिहितोय. एक मोठी आणि एक छोटी, म्हणजे एक बँड थोर आणि दुसरा किरकोळ, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. का वाटत नाही ते सांगण्याआधी आणखी एका डिस्कोग्राफीबद्दल सांगायला हवं. तिच्यात शून्य अल्बम आहेत. ती आमची.

•

नाशिकला कॉलेजात असताना आमचा चौघांचा बँड होता. प्रॅक्टिस इंदिरानगरला, गिटारिस्टच्या मामाच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसाळ्यात तो असा वाजायचा की ड्रम्सची गरजच नसायची. नाशिक म्हटलं की बाहेरच्यांना द्राक्षं आठवतात, नाहीतर ढोल. अशा गावात रॉक बँड चालवायचा म्हणजे गणपतीच्या आधीचे दोन महिने ड्रमर मिळणार नाही, हे धरूनच चालायचं. तो पथकात असायचा. परत यायचा तेव्हा हात इतका जड झालेला असायचा की आमचं संथ गाणंसुद्धा मेन रोडवरच्या मिरवणुकीसारखं वाजायचं.

चार वर्षांत आम्ही सात गाणी केली, सगळी मराठी. कॅफेत वाजवायला गेलो की लोक ओळखीची गाणी मागायचे. ती वाजवायचो, आणि आमची सात गच्चीसाठी राखून ठेवायचो. रेकॉर्ड एकही केलं नाही. फोन चौघांकडे होते. पण दर वेळी कुणीतरी म्हणायचं, 'थांब रे, अजून नीट बसलं नाहीये. नीट बसू दे, मग रेकॉर्ड करू.' हे कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मीच.

मग बेसिस्टला सातपूरच्या एका कंपनीत रात्रपाळी लागली, गिटारिस्ट पुण्याला गेला, मामांनी गच्चीवर सोलर बसवलं. आज शिल्लक आहे ती एक्केचाळीस सेकंदांची एक क्लिप. तिच्यात गाण्यापेक्षा पंखा जास्त ऐकू येतो, आणि शेवटी मामी चहा किती जणांना ते विचारतात.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं व्हिडिओ कॉलवर होतो. त्या सातातलं एक गाणं म्हणून बघू म्हटलं. मुखडा सगळ्यांना सारखाच आठवला. अंतरा मात्र तिघांचे तीन निघाले. प्रत्येकाला खात्री की आपलाच खरा. ड्रमर म्हणाला, मला फक्त ठेका आठवतो.

त्या रात्री झोप लागेना. मी हेडफोन घातले आणि फ्लॉइडचे पहिले सात अल्बम ओळीनं लावले.

•

सातच का? कारण 'द डार्क साइड ऑफ द मून' हा त्यांचा आठवा अल्बम आहे. टी-शर्टवर प्रिझम छापून फिरणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं; मलाही नव्हतं. मार्च १९७३मध्ये तो आला आणि अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या अल्बम-यादीत १९८८पर्यंत मिळून ७४१ आठवडे राहिला. आपण तिथून ऐकायला सुरुवात करतो आणि समजतो की ही माणसं अशीच जन्माला आली.

आता मागचे सात बघा.

पहिला, 'द पायपर अॅट द गेट्स ऑफ डॉन', १९६७. लंडनच्या अॅबे रोड स्टुडिओत एका खोलीत बीटल्स 'सार्जंट पेपर' करत होते, तेव्हाच दुसऱ्या खोलीत हे काम चाललं होतं. बहुतेक गाणी सिड बॅरेटची. मांजर, बुजगावणं, सायकल असल्या लहान मुलांच्या गोष्टीतल्या वस्तू, आणि त्यांच्या मधोमध जवळपास दहा मिनिटांचं एक शब्दहीन, दिशा हरवलेलं वादन. पुढच्याच वर्षी बॅरेटचं मन इतकं बिघडलं की त्याच्यावाचून बँड पुढे गेला. गाणी लिहिणारा माणूसच गेला होता. बँडच्या तेव्हाच्या दोन मॅनेजरांनी विचार केला की खरी गुणवत्ता बॅरेटकडे आहे. त्यांनी बँड सोडला आणि ते बॅरेटबरोबर राहिले. त्या दिवशी कुणी पैज लावायला सांगितली असती, तर मीही बॅरेटवरच लावली असती.

दुसरा, 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स', १९६८. बॅरेटची जागा डेव्हिड गिल्मोरनं घेतली होती. शीर्षकाची रचना बारा मिनिटांची आहे आणि तिला गाणं म्हणता येत नाही. वॉटर्स आणि मेसन आर्किटेक्चर शिकलेले. त्यांनी तिची मांडणी इमारतीच्या नकाशासारखी कागदावर चित्र काढून केली. ऐकताना ते कळतंही. पाया, भिंती, आणि अगदी शेवटी छप्पर. गाणी लिहिता येत नाहीत, मग निदान इमारत तरी बांधू, अशी ती धडपड आहे.

तिसरा, 'मोर', एका सिनेमाचं संगीत. चौथा, 'उमागुमा', १९६९चाच. यातली एक रेकॉर्ड कार्यक्रमांतलं वादन, आणि दुसरीवर चौघांनी आपापला एकेक भाग एकट्यानं केलेला. ही दुसरी बाजू आज सलग ऐकवत नाही. चिमुकल्या प्राण्यांच्या आवाजांचा एक गोंगाट आहे, मेसनचे ड्रमचे तुकडे आहेत, राइटचा चार भागांतला पियानो आहे. बँडमधल्या लोकांनीही नंतर या अल्बमला फारसं चांगलं म्हटलेलं नाही. पण मला तो महत्त्वाचा वाटतो. आपण एकटे एकटे काहीच नाही, हे त्यांना एका अख्ख्या रेकॉर्डभर ऐकून कळलं. गच्चीवर भांडून ते आम्हाला कधी कळलं नाही.

पाचवा, 'अॅटम हार्ट मदर', १९७०. कव्हरवर गाय. एका अख्ख्या बाजूवर पितळी वाद्यं आणि कोरस घेऊन केलेली तेवीस-चोवीस मिनिटांची रचना. रॉन गीसिन या बाहेरच्या संगीतकारानं तिला आकार द्यायला मदत केली, तरी ती जागोजागी ढिली पडते. शेवटचा तुकडा त्याहून विचित्र आहे. एक माणूस सकाळी नाश्ता बनवतोय. नळ, काडेपेटी, तळण्याचा आवाज, तोंडातल्या तोंडात बडबड, आणि मधेमधे बँड वाजतो. गंमत म्हणून पहिल्यांदा बरं, दुसऱ्यांदा कंटाळा. पण तीन वर्षं पुढे जा. 'डार्क साइड'मधली घड्याळं, गल्ल्यात पडणारी नाणी, पावलं, माणसांची बोलणी आठवा. रोजच्या आवाजातून संगीत काढायचं हे ते शिकले कुठे? त्या फसलेल्या नाश्त्यावर. 'डार्क साइड'मध्ये नाणी तालात पडतात. नाश्त्यात अंडं तालात तळलं जात नव्हतं, एवढाच फरक.

सहावा, 'मेडल', १९७१. त्याची दुसरी बाजू म्हणजे 'एकोज', तेवीस मिनिटं. सुरुवात पियानोच्या एकाच सुरानं, फिरत्या स्पीकरमधून काढलेल्या, पाण्यात खडा पडल्यासारख्या. स्टुडिओत जमून सुटे सुटे तुकडे रेकॉर्ड करून ठेवायचे, अशी या कामाची सुरुवात होती, आणि त्या तुकड्यांना त्यांनी नाव दिलं होतं 'नथिंग', म्हणजे काहीच नाही. नंबर घातलेले 'काहीच नाही'. त्यातल्या काहीच नाहीतून त्यांची पहिली पूर्ण बसलेली रचना आली. सातवा, 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स', १९७२, परत सिनेमाचं काम, झटपट केलेलं, छोटी गाणी. आणि मग आठवा.

हे सगळं ओळीनं ऐकल्यावर मला डिस्कोग्राफी या शब्दाचा वेगळाच अर्थ लागायला लागला. ती यशाची यादी नसते. न बसलेली कामं लोकांसमोर ठेवायची मुभा मिळाली, एवढंच ती सांगते. सात वेळा मिळाली, म्हणून आठवं बसलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फ्लॉइड काही उपाशी नव्हते. पहिल्या अल्बमपासून ब्रिटनमध्ये त्यांच्या रेकॉर्ड खपत होत्या, 'अॅटम हार्ट मदर' तर तिथे पहिल्या क्रमांकावर गेला. विद्यापीठांत कार्यक्रम होते, ऐकणारी पोरं होती. ईएमआय या त्यांच्या कंपनीनं १९६९मध्ये अशा आडवळणी बँडसाठी 'हार्वेस्ट' नावाची वेगळी शाखाच काढली. तेव्हा मुभा आभाळातून पडली नव्हती. तिच्यामागे बाजार होता. पण मुभा होती, आणि तिच्याशिवाय हे झालं नसतं.

•

त्याच ईएमआयच्या घराण्यातली कंपनी आपल्याकडेही होती. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, आपल्या आजोबांच्या भाषेत एचएमव्ही, भोंग्यासमोर बसलेला कुत्रा. कारखाना कोलकात्याजवळ दमदमला. फ्लॉइडच्या रेकॉर्डही तिथे छापल्या गेल्या. म्हणजे लंडनच्या पोरांच्या फसलेल्या-न फसलेल्या कामाला मुंबईच्या दुकानात जागा होती. मुंबईच्या पोरांच्या कामाला?

मुंबईत पोरं कमी नव्हती. १९६८च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत येऊन 'वंडरवॉल म्युझिक'साठी आपल्या वादकांबरोबर काम करून गेला. १९७१मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा उघड्यावरचा रॉक महोत्सव झाला. १९७२मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांबरोबर त्यांनी दोन गाणी रेकॉर्ड केली आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या क्लबात स्थानिक वादकांसोबत वाजवलं. ती दोन गाणी अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडावं लागलं. म्हणजे वाजवणारे होते, ऐकणारे होते, क्लब होते. नव्हती ती रेकॉर्ड.

जी थोडी झाली, त्यातली सर्वांत प्रसिद्ध एका सिगारेटमुळे झाली. 'सिमला' नावाच्या सिगारेटची जाहिरात म्हणून तंबाखू कंपनीनं देशभरच्या बँडची स्पर्धा भरवली आणि निवडक बँडच्या दोन एलपी काढल्या, 'सिमला बीट ७०' आणि 'सिमला बीट ७१'. आज त्या दोन्ही ऑनलाइन सापडतात. ऐका. प्रत्येक बँडला एखाददोन गाण्यांची जागा. डायनोसॉर्स हा बँड क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं गाणं वाजवतो. वेल्वेट फॉग हा मुंबईचा बँड क्रीमनं गाजवलेलं एक जुनं ब्लूज उचलतो. शिलाँगचे फेंटोन्स तर चक्क स्पर्धेच्या नावाचीच धून वाजवतात. आणि मधेच मद्रासचे कन्फ्युजन्स स्वतःचं गाणं घेऊन येतात, 'व्हॉइस फ्रॉम द इनर सोल'. ध्वनी मातकट, गिटार फाटकी, आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा. तरीही ते गाणं बाकीच्यांच्या वर उठतं, कारण ते कुणासारखं वाजवायचा प्रयत्न करत नाही.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लगेच पुढचं शोधायला गेलो. यांचं दुसरं काय आहे? मग लक्षात आलं की हा प्रश्नच फ्लॉइडच्या श्रोत्याचा आहे. सिगारेटच्या जाहिरातीत 'पुढचा अल्बम' ही कल्पनाच नसते. ती बँडला एक दुपार देते. त्या दुपारी जे बसलं ते कायमचं, जे बसलं नाही तेही कायमचं. आणि एकच दुपार हातात असली की शहाणा माणूस काय करतो? ओळखीचं गाणं वाजवतो. या बँडांना 'नकलाकार' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. कॅफेत आम्हीही तेच करायचो, आणि आमच्यासमोर तर स्पर्धाही नव्हती.

•

अॅटॉमिक फॉरेस्ट या सगळ्यांपेक्षा एक पाऊल पुढे गेला. कीथ कांगानं उभा केलेला हा बँड, गायक मधुकर चंद्र धास. त्यांना अल्बम मिळाला. नावात ७७, बाजारात आला १९८१मध्ये. या चार वर्षांच्या अंतरातच बरंच काही आलं. २०११मध्ये 'नाऊ-अगेन' या अमेरिकी कंपनीनं तो शोधून, जुनी ध्वनिमुद्रणं जोडून पुन्हा काढला, आणि एकदम जगभरचे रेकॉर्ड जमवणारे लोक 'हरवलेलं भारतीय रत्न' म्हणून त्याच्यामागे लागले.

मला हे रत्नवालं बोलणं पटत नाही. दुर्मीळ आहे म्हणून थोर आहे, हा नाणी जमवणाऱ्यांचा हिशेब झाला, ऐकणाऱ्यांचा नाही. मी हा संग्रह बऱ्याचदा ऐकलाय, आणि दया न दाखवता सांगायचं तर तो सलग चांगला नाही. शीर्षकाचीच धून दोनदा येते, एकदा जलद, एकदा संथ. जलद आवृत्ती नाचायच्या जागेसाठी, संथ आवृत्ती कुणासाठी ते बँडलाही ठरवता आलेलं नाही. 'फॉक्सी लेडी' हेंड्रिक्सचं. तडफेनं वाजवलंय, पण हेंड्रिक्सच्या मोजमापातून बाहेर पडत नाही. 'सनशाइन डे' ओसिबिसाचं, उत्साही, आणि तेवढंच.

'मेरी लाँग' मात्र मला अडवतं. मूळ गाणं डीप पर्पलचं, १९७३चं. ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाऊस आणि लॉर्ड लाँगफर्ड या दोघांची नावं जोडून केलेली ती थट्टा आहे. मुंबईच्या क्लबात या दोघांना कोण ओळखत होतं? थट्टेचं निशाणच इथे नाही. पण रोख सापडला नाही तरी राग सापडतो. आम्हाला काय ऐकायचं, कसं वागायचं हे ठरवणारे तुम्ही कोण, हा राग आणीबाणीच्या आगेमागे तरुण असलेल्या कुणालाही कळला असेल. परक्या गाण्यात आपला राग घालायची ती वाट होती. आपल्या शब्दांत घालायला पुढचा अल्बम लागला असता.

माझ्या मते 'ऑब्सेशन ७७' हा फ्लॉइडच्या 'उमागुमा'च्या जागचा अल्बम आहे. अर्धा कार्यक्रम, अर्धा प्रयोग, बराचसा गोंधळ, आणि चारदोन ठिकाणी पुढच्या वाटेची चाहूल. फरक इतकाच की 'उमागुमा'नंतर फ्लॉइडच्या यादीत अकरा अल्बम आहेत. आणि आपण मुंबईच्या 'उमागुमा'ची तुलना लंडनच्या 'डार्क साइड'शी करून मोकळे होतो.

१९७७ म्हटल्यावर आणखी एक आठवलं. त्या वर्षीच्या ८ मेला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात ग्रेटफुल डेडचा एक कार्यक्रम झाला. बँडची ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन हिनं तो नीट टिपून ठेवला. त्या ध्वनिमुद्रणाच्या प्रती हातोहात फिरल्या आणि आज तो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनि-ठेव्यात आहे. ती एक साधी कार्यक्रमाची रात्र होती. कुणीतरी टेप चालू केला होता, इतकंच. त्याच वर्षी मुंबईतही क्लबांत रात्री झाल्या असतील, त्याच तोडीच्या काही. आपण आता कधीच सांगू शकणार नाही.

•

मग या पोरांचं संगीत संपलं का? एक धागा मराठीपर्यंत येतो, आणि तो मला सगळ्यात जवळचा आहे.

१९७४मध्ये अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' बसवलं. त्यात जीझस झाला होता अॅटॉमिक फॉरेस्टचा मधुकर, आणि जुडास झाला होता नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या मराठी रंगभूमीवरच्या जोडप्याचा मुलगा, कवी निसीम इझिकेल यांचा भाचा, आणि वेल्वेट फॉगसारख्या बँडांतून गायलेला खरा रॉक गायक. एकाच स्टेजवरच्या या दोघांपैकी एकाच्या नावावर तो एक अल्बम राहिला. दुसऱ्यानं वेगळा रस्ता धरला.

१९७८मध्ये थिएटर अॅकॅडमीनं 'तीन पैशाचा तमाशा' आणलं. ब्रेख्तच्या नाटकाचं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं रूपांतर, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्याच्या संगीतात भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर नंदू भेंडे होते, आणि ते त्यात गायलेही. लावणी आणि नाट्यसंगीताच्या शेजारी तिथे रॉकला खुर्ची मिळाली, मराठी शब्दांसकट. क्लबात जे चार-पाचशे लोकांपुढे इंग्रजीत चाललं होतं, ते नाट्यगृहात मराठी कुटुंबांपुढे आलं. पुढे १९८२च्या 'डिस्को डान्सर'मध्ये कृष्णाला हाक मारणारं जे गाणं आहे, तो आवाजही त्यांचाच. आपल्यापैकी कितीतरी जणांनी तो आवाज लग्नाच्या मांडवात ऐकलाय, नाव माहीत नसताना. २०१४च्या एप्रिलमध्ये ते गेले.

मला वाटतं मुंबईच्या रॉकची डिस्कोग्राफी अशीच वाचायला हवी. एका नावाखाली ती सापडणार नाही. सिगारेटच्या एलपीवर दोन गाणी, एका नाटकात चार चाली, एका हिंदी सिनेमात एक गाणं, तीस वर्षांनी परदेशात निघालेली एक रेकॉर्ड. फ्लॉइडची यादी एका घराची आहे. ही आपली यादी भाड्याच्या खोल्यांची. प्रत्येक ठिकाणी मालक दुसरा, आणि कधी सोडावी लागेल ते त्याच्या हातात.

इंग्रजीत गायचं ठरवल्यामुळे ऐकणारे मोजके राहिले, ही या बँडांची स्वतःची चूकही त्यात धरली पाहिजे. नंदू भेंड्यांचा प्रवास तेच सांगतो. ज्या दिवशी शब्द बदलले, त्या दिवशी जागा मोठी झाली.

•

नाशिककराला हरवलेल्या कामाबद्दल वेगळं सांगायला नको. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. शाळेच्या सहलीला आम्ही सगळेच तिथे गेलोय. त्र्यंबकचा माणूस, देशाला सिनेमा दिला, नाशिकमध्ये कंपनी चालवली, नाशिकमध्येच वारला. आणि त्याचा 'राजा हरिश्चंद्र' आज आपण पूर्ण बघू शकत नाही. काही भागच उरलाय. बाकीच्या कित्येक सिनेमांचं तर नुसतं नाव. लहानपणी मला वाटायचं, इतक्या मोठ्या माणसाचं काम हरवतंच कसं. आता कळतं, काम हरवायला काहीच करावं लागत नाही. जपायलाच करावं लागतं.

फाळक्यांच्या फिल्मच्या बाबतीत काळ आणि रसायनं होती. मुंबईच्या बँडांच्या बाबतीत कंपन्या होत्या, महागडी यंत्रं होती, इंग्रजीचा छोटा बाजार होता. त्यांना रेकॉर्ड करायची मुभा कुणी दिली नाही. आमच्याकडे ती खिशात होती, रोज चार्ज केलेली. ती नाकारणारा एकच माणूस होता, आणि तो गच्चीवर माइकसमोर उभा राहून म्हणत होता, नीट बसू दे.

हे फक्त माझं नाही, म्हणून इथे लिहितोय. आज नाशिकमध्ये, जळगावात, कोल्हापुरात पोरं खोल्यांमध्ये गाणी करतायत. आपल्यासमोर जगातलं सगळं बसलेलं संगीत आहे, एका बोटावर, तेही लोकांनी निवडून वर आणलेलं. आपलं पहिलं गाणं आपण थेट कुणाच्या तरी आठव्या अल्बमशेजारी ठेवून बघतो, लाजतो आणि डिलीट करतो. मग यादी वाढणार कुठून? नाश्त्याचं ते कंटाळवाणं गाणं त्यांनी डिलीट केलं असतं, तर ती नाणी तालात पडली नसती.

परवा आम्ही परत कॉल केला. बेसिस्ट रात्रपाळीवरून आलेला, डोळे लाल. गिटारिस्टकडे आता बरा माइक आहे. त्यानं विचारलं, मग कुठला अंतरा घ्यायचा? नेहमीप्रमाणे वाद सुरू झाला. ड्रमर अर्धा तास काही बोलला नाही, मग म्हणाला, भांडताय कशाला, तीन आहेत तर तिन्ही घ्या.

या रविवारी पहिला घेतोय. बसलेला नाहीये.